सारगाछीचे बाबा : स्वामी अखंडानंद

आपल्या एखाद्या प्रशिक्षण केंद्रात सेवेला नव्याने आलेला तरुण आठ-पंधरा दिवसांनी हमखास एक प्रश्न विचारतो. आपण इथे आलो ते साधनेसाठी. मग मुलांची भांडणे मिटवणे, सामानाचा हिशेब लिहिणे, कुणाला रंधा मारायला तर कुणाला शिवणयंत्र चालवायला शिकवणे यात साधना ती कुठली? प्रश्न प्रामाणिक असतो, म्हणून त्याला उडवून लावू नये. श्रीरामकृष्णांच्या साक्षात् शिष्यांपैकी एकाच्या आयुष्याचे दोन भागच या प्रश्नाने पाडले आहेत. पहिल्या भागात ते हिमालयात आणि तिबेटात फिरत होते, दुसऱ्या भागात बंगालमधील एका आडगावी अनाथ मुलांना कपडे विणायला आणि लाकूड तासायला शिकवत होते. दुसरा भाग जवळजवळ चाळीस वर्षांचा आहे. त्यांचे नाव स्वामी अखंडानंद.

३० सप्टेंबर १८६४ रोजी कोलकात्याच्या आहिरीटोला भागात त्यांचा जन्म झाला. नाव गंगाधर. घर कर्मठ ब्राह्मणाचे, आणि गंगाधर घरच्यांपेक्षाही कर्मठ निघाला. गंगास्नान चुकवायचे नाही, अन्न स्वतः शिजवलेलेच खायचे, विडा खायचा नाही, असे त्याचे नियम होते. शेजारपाजारी राहणारा हरिनाथ, म्हणजे पुढचे स्वामी तुरीयानंद, त्याच्याच वळणाचा होता आणि दोघांची चांगली मैत्री होती. पंधरा-वीस वर्षांच्या वयात हे सोवळे-ओवळे सांभाळणारा मुलगा दक्षिणेश्वरी श्रीरामकृष्णांपुढे येऊन बसू लागला तेव्हा ठाकुरांना त्याचे कौतुकही वाटले आणि काळजीही. ही लक्षणे म्हाताऱ्यांची आहेत, मुलाने इतके करू नये, असे त्यांनी त्याला हळुवारपणे सुचवले. नुसते सुचवून ते थांबले नाहीत, त्याला त्यांनी नरेंद्राकडे धाडले. नरेंद्र वाटेल ते खातो, पण त्याचे डोळे सदैव आत वळलेले असतात, हे गंगाधराने जाऊन स्वतः पाहावे असा त्यांचा हेतू होता. गंगाधर गेला आणि नरेंद्राचा झाला. त्याचे सोवळे एका दिवसात सुटले असे नाही. परंतु शुद्धी कशाची, याचा विचार तिथून सुरू झाला.

१६ ऑगस्ट १८८६ रोजी ठाकुरांनी देह ठेवला. पुढच्याच वर्षी गंगाधर एकटा हिमालयाकडे निघाला. केदार, बद्री, तिथून घाट ओलांडून तिबेट. तीन वर्षे या भ्रमंतीत गेली. जवळ पैसा ठेवायचा नाही आणि मिळेल ते खायचे, असा हा प्रवास होता. या दिवसांच्या आठवणी त्यांनी पुढे बंगालीत लिहिल्या आणि त्या ‘उद्बोधन’ मासिकातून प्रसिद्ध झाल्या. १८९० मध्ये बराहनगर मठात परतल्यावर त्यांनी विधिवत संन्यास घेतला आणि अखंडानंद हे नाव त्यांना मिळाले. विवेकानंद मात्र त्यांना लाडाने ‘गँजेस’ म्हणत. गंगाधराचे हे इंग्रजी रूप त्यांनीच केले होते.

त्याच वर्षी जुलैत दोघे गुरुबंधू बरोबरच उत्तरेकडे निघाले. डोंगरातील वाटा माहीत असलेला हा सोबती विवेकानंदांना हवा होता. पण वाटेत अखंडानंदांची छाती बिघडली, हिमालयातील तपश्चर्येचा बेत मोडला आणि मंडळी खाली उतरली. मीरतला सगळे काही दिवस एकत्र राहिले आणि मग विवेकानंदांनी सर्वांना सोडून एकट्याने फिरायचे ठरवले. कुणी मागे येऊ नये, असे त्यांनी बजावले होते. अखंडानंदांनी ते ऐकले नाही. राजस्थान, गुजरात, काठियावाड करत ते मागोमाग जात राहिले. एका गावी पोचावे तर स्वामीजी तिथून नुकतेच पुढे गेल्याचे कळावे, असे कितीतरी वेळा झाले. कच्छच्या वाटेवर चोरांनी त्यांना लुबाडले. शेवटी मांडवी बंदरात भेट झाली. भेट झाली, आणि स्वामीजींनी त्यांना पुन्हा समजावून परत पाठवले. ही पळापळ वाचताना हसू येते, पण त्यामागची ओढ ध्यानात घेतली पाहिजे. गुरूनंतर ज्याला आधार मानले त्याला सोडून एकट्याने उभे राहणे या माणसाला अजून जमत नव्हते.

त्यानंतर ते जामनगरला आले आणि आजारपणामुळे तिथे बराच काळ राहिले. जामनगरचे झंडू भट्टजी हे त्या काळचे नामांकित वैद्य. मुंबईत निघालेल्या ज्या औषध कारखान्याच्या नावाचा बाम आपल्या घराघरांत असतो, त्याला त्यांच्या नातवाने आजोबांचेच नाव दिले आहे. भट्टजींकडे गरीब रोग्यांना विनामूल्य औषध मिळत असे. त्यांच्या घरी राहून अखंडानंदांनी आयुर्वेदाचे ग्रंथ वाचले. मात्र खरे शिक्षण झाले ते पाहण्यातून. एक गृहस्थ दिवसभर रोग्यांमध्ये बसतो आणि त्यांच्या दुःखाचा परिहार व्हावा एवढेच देवाकडे मागतो. संन्याशाने याहून वेगळे काय मागावे, हा विचार त्यांच्या मनात तिथे रुजला.

जामनगरनंतर खेतडी. राजा अजितसिंह हे विवेकानंदांचे शिष्य, त्यामुळे अखंडानंदांचे तिथे स्वागत झाले. राजवाड्यात त्यांना काही कमी नव्हते. बाहेर मात्र त्यांना वेगळेच चित्र दिसत होते. प्रजा निरक्षर आणि दरिद्री होती, आणि ‘गोला’ म्हणून ओळखले जाणारे पिढीजात चाकर तर दासांप्रमाणे जगत होते. हे पाहून स्वस्थ बसवेना, आणि काय करावे तेही कळेना. संन्याशाने यात पडावे का, अशी शंका मनात होती. त्यांनी अमेरिकेत विवेकानंदांना पत्र लिहिले. १८९४ मध्ये त्याचे उत्तर आले. राजवाड्यात बसून राहण्यात अर्थ नाही, गरिबांच्या आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या दारोदार जा, त्यांना धर्म सांगा, भूगोलासारखे विषयही तोंडी शिकवा, दरिद्री आणि अज्ञानी हेच आता तुमचे देव समजा, असा त्याचा आशय होता.

या उत्तराने शंका फिटली आणि ते लगेच कामाला लागले. खेतडीच्या शाळेत तेव्हा ८० मुले होती. अखंडानंद घरोघर जाऊन आईबापांना भेटले, आणि पाहता पाहता पटावरची संख्या २५७ झाली. भगव्या वस्त्रातला साधू दारात उभा राहतो, भिक्षेऐवजी मुलगा शाळेसाठी मागतो, हे राजस्थानातील त्या लोकांनी प्रथमच पाहिले असावे. आसपासच्या खेड्यांत शाळा काढायला त्यांनी राजाला राजी केले. गोला लोकांच्या मुलांनाही शिकवले पाहिजे, असा आग्रह धरला. पुढे उदयपूर आणि नाथद्वाऱ्याकडे गेले तेव्हा तिथेही हेच. नाथद्वाऱ्यात त्यांच्या प्रयत्नाने इंग्रजी शिकवणारी शाळा निघाली. १८९५ मध्ये ते कोलकात्याला आलमबाजार मठात परतले.

आता १८९७. आदल्या वर्षीचा पाऊस गेला होता आणि देशाच्या मोठ्या भागात दुष्काळ होता. आपल्याकडे तर दुष्काळाच्या जोडीला प्लेग आला होता. सावित्रीबाई फुले त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. बंगालमध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्याची दशा वाईट होती. अखंडानंदांना हे ठाऊक नव्हते. ते गंगेच्या काठाकाठाने पायी उत्तरेकडे निघाले होते. मनात पुन्हा हिमालय होता.

प्लासीच्या पुढे दादपूर नावाच्या गावी त्यांना रस्त्यात एक मुसलमान मुलगी रडताना दिसली. पाण्याची घागर हातून पडून फुटली होती. घरात दुसरे भांडे नव्हते, आणि आई मारील म्हणून ती घरी जायला भीत होती. स्वामींजवळ चार आणे होते. त्यांनी दुकानातून तिला नवी घागर घेऊन दिली, थोडे पोहेही दिले. ती गेली न गेली तोच दहा-बारा मुले भोवती जमली. पोटे खपाटीला गेलेली, अंगावर चिंध्या. उरलेल्या पैशांचे पोहे घेऊन त्यांनी ते सगळ्यांना वाटून टाकले. चार आणे संपले. पुढे एक आजारी म्हातारी भेटली, तिचे करणारे कुणी नव्हते. तिचीही व्यवस्था पाहावी लागली.

तरीही ते पुढे निघालेच होते. हे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण अशा कथा सांगताना आपण माणसाला एका क्षणात संत करून टाकतो. एक घागर घेऊन दिली, मुलांना खाऊ घातले, आता आपली यात्रा पुढे चालू, असे कुणालाही वाटले असते, त्यांनाही वाटले. पण कुणीतरी मागे खेचत आहे, पाऊल पुढे पडू देत नाही, असा अनुभव त्यांना पुन्हा पुन्हा आला. महुला या गावी ते थांबले आणि मठाला पत्र लिहिले. विवेकानंदांनी दोन साधक आणि १५० रुपये पाठवले. १५ मे १८९७ रोजी महुला येथे तांदूळवाटप सुरू झाले. रामकृष्ण मिशन स्थापन होऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. आज कुठेही पूर, भूकंप झाला की मिशनचे साधू मदतीला धावतात. त्या परंपरेतले हे पहिले केंद्र.

दुष्काळाचे काम काही महिन्यांचे असते. पाऊस पडतो, पीक येते, मदत थांबते आणि कार्यकर्ते परततात. अखंडानंदांना परतता आले नाही, कारण मदत थांबली तरी काही मुले उरली. त्यांचे कुणीच राहिले नव्हते. तांदूळ देऊन हा प्रश्न मिटणारा नव्हता. दोन अनाथ मुलांना जवळ घेऊन त्यांनी महुलाला आश्रम सुरू केला. विवेकानंदांचा याला मनापासून पाठिंबा होता. मुसलमान मुलांनाही घ्यावे, त्यांच्या धर्माला मात्र हात लावू नये, जेवणाची सोय हवी तर निराळी करावी आणि त्यांना नीतिमान, धीट, परहितासाठी झटणारे करावे, असे त्यांनी त्याच वर्षी पत्राने कळवले. सोवळे सांभाळण्यासाठी स्वतःचे अन्न स्वतः शिजवणारा आहिरीटोल्यातला मुलगा आता सगळ्या जातिधर्मांच्या मुलांची आई झाला होता. मुलांना न्हाऊ घालणे, आजारी मुलाचे मळलेले कपडे धुणे, रात्री उशाशी बसणे हे सगळे ते स्वतः करत.

१८९९ मध्ये आश्रम शिवनगरला एका जमीनदारीण बाईंनी दिलेल्या जागेत गेला. तिथे तो बरीच वर्षे होता. १९१३ मध्ये सारगाछी येथे स्वतःच्या जागेत स्थिरावला. मुर्शिदाबाद जिल्ह्यातले बहरामपूर हे मोठे गाव तिथून जवळ. हा भाग मलेरियाचा. अखंडानंदांनाही या तापाने सोडले नाही.

आश्रमात काय शिकवावे, याविषयी त्यांचे विचार स्पष्ट होते. अक्षरओळख तर हवीच, त्यासाठी विनामूल्य शाळा होती आणि दिवसा राबणाऱ्या प्रौढांसाठी रात्रीचे वर्गही होते. पण ज्या मुलाला घर नाही, शेत नाही, शब्द टाकणारा काका-मामा नाही, तो नुसते लिहायला-वाचायला शिकून सोळाव्या वर्षी आश्रमाबाहेर पडला तर काय खाणार? म्हणून उद्योगशाळा निघाली. विणकाम, शिवणकाम, सुतारकाम आणि रेशमाच्या किड्यांचे संगोपन हे तिचे चार विभाग. यातले रेशीम त्या मातीतलेच आहे. मुर्शिदाबादचे रेशीम शतकानुशतके प्रसिद्ध. तुतीची लागवड, कोश आणि माग यांची माहिती तिथल्या गावागावांत होती. परक्या ठिकाणचे काही आणून लादण्यापेक्षा आसपास ज्याला गिऱ्हाईक आहे ते शिकवावे, हे आजही एखादे केंद्र सुरू करताना प्रथम पाहावे लागते. गाव कुठले आणि तिथे काय खपते, हे न पाहता यंत्रे विकत घेतलेली केंद्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ती यंत्रे नंतर कापडाखाली झाकलेली असतात.

या कामांत शिस्त आपोआप येते. रेशमाच्या किड्यांना दिवसा-रात्री ठरलेल्या वेळी ताजा तुतीचा पाला घालावा लागतो. मुलाने कंटाळा केला तर किडे मरतात आणि कोश मिळत नाहीत. मागावर एक धागा तुटला आणि तो तसाच सोडला तर कापडात उणीव राहते, ती पुढे कितीही चांगले विणले तरी झाकत नाही. ज्या मुलाने आजवर फक्त दुसऱ्यापुढे हात पसरला आहे, त्याच्या हातून पहिला पंचा विणून होतो तेव्हा त्याला काय वाटत असेल, हे अशा केंद्रात काम केलेल्यांना सांगायला नको.

मुलांचे काम दयेपोटी विकत घ्यावे असे नव्हते. कासिमबाजारच्या महाराजांच्या पुढाकाराने जवळच बंजेटिया येथे औद्योगिक प्रदर्शन भरत असे. त्यात आश्रमाच्या मुलांच्या वस्तूंना लागोपाठ अनेक वर्षे पहिली बक्षिसे मिळाली. बंगालमध्ये स्वदेशीची चळवळ १९०५ नंतर पेटली आणि देशी कापडाचा उच्चार सर्वत्र होऊ लागला. महुला-शिवनगरच्या आश्रमाची सुरुवात त्याआधी काही वर्षांची आहे.

असे असले तरी हे काम कधी मोठे झाले नाही. मुले मूठभरच असत. पैशाची चणचण तर कायमची होती. भाज्या, धान्य पिकवून आश्रमाचा काही भार हलका करावा, म्हणून स्वामी स्वतः शेतात राबत. बेलूर मठ उभा राहिला, विवेकानंदांचे नाव जगभर झाले, गुरुबंधू देशोदेशी वेदान्ताची केंद्रे चालवत होते. आणि तिबेट पाहून आलेले, वेदांचा आणि आयुर्वेदाचा अभ्यास असलेले हे संन्यासी एका खेड्यात पाच-पंचवीस पोरांमागे बसले होते. त्या काळी साधूने रोग्यांची, दीनांची सेवा करणे जुन्या वळणाच्या साधुसमाजाला कमीपणाचे वाटे. कनखलला मिशनचे जे साधू रोग्यांची घाण काढत त्यांना इतर साधू हिणवत असत. अखंडानंदांना कुणी मागे खेचले नसते तर ते हिमालयातच राहिले असते आणि त्यांचा अधिक मानही झाला असता. ४ जुलै १९०२ रोजी विवेकानंद गेले. ज्यांच्या मागे ते एके काळी गावोगाव धावले ते आता कुठेही भेटणार नव्हते. तरी ते आश्रम सोडून गेले नाहीत. माणसाची बैठक अशा वेळी कळते.

जवळच्या गावांत कॉलरा आला, आग लागली, पूर आला की ते हजर असत. १८९९ मध्ये बिहारच्या भागलपूरकडील पुरातही त्यांनी जाऊन मदतकार्य केले होते. आसपासच्या खेड्यांत हिंदू-मुसलमान सगळेच त्यांना ‘बाबा’ म्हणत.

१९२५ मध्ये ते रामकृष्ण मठ आणि मिशनचे उपाध्यक्ष झाले, तरी मुक्काम सारगाछीलाच राहिला. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. वय सत्तरीला टेकले होते, मधुमेह होता. तरी ते मुंगेर आणि भागलपूरला मदतकार्य पाहायला गेले. त्याच वर्षी स्वामी शिवानंदांच्या महासमाधीनंतर ते मठाचे अध्यक्ष झाले. पद त्यांनी मागितले नव्हते, आणि ते आल्यावरही राहणी बदलली नाही. अध्यक्षांना भेटायचे तर लोकांना बेलूरऐवजी पुष्कळदा सारगाछीची वाट धरावी लागे.

शेवटच्या महिन्यांत तिथे जे सेवेला होते त्यांत नागपूरचे एक तरुण माजी प्राध्यापकही होते. माधव सदाशिव गोळवलकर १९३६ मध्ये नागपूरच्या रामकृष्ण आश्रमाच्या ओळखीने सारगाछीला आले. आश्रमात पडेल ते काम त्यांनी केले, आजारी बाबांची शुश्रूषा केली, आणि जानेवारी १९३७ मध्ये संक्रांतीच्या सुमारास त्यांना बाबांकडून दीक्षा मिळाली. आधी काम आणि मग दीक्षा, हा सारगाछीचा क्रम त्यांनाही चुकला नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बाबांची प्रकृती फार बिघडली. त्यांना उपचारासाठी सारगाछीहून हलवण्यात आले. दुसऱ्याच दिवशी, ७ फेब्रुवारी १९३७ रोजी, बेलूर मठात त्यांनी देह ठेवला. अंत्यसंस्कार तिथेच गंगेच्या काठी झाले. सारगाछीचा आश्रम आणि त्याची शाळा आजही चालू आहे.